बिनमिठाची डाळ

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. आमची पलटण तेव्हा पंजाबात होती आणि दोन महिन्यांनी वर, बर्फाच्या पोस्टवर जायची होती. मी एका प्लॅटूनचा हवालदार. त्याआधी सगळ्यांचं वार्षिक मेडिकल व्हायचं होतं.

सिव्हिलमधल्या माणसाला या मेडिकलचं महत्त्व कळत नाही. तुमच्याकडे डॉक्टर गोळ्या देतो. आमच्याकडे कॅटेगरी देतो. शेप-वन म्हणजे माणूस ठणठणीत. त्याखाली घसरला की लो मेडिकल: प्रमोशन अडकलं आणि कंपनी वर गेली की हा रिअर पार्टीत, सामान सांभाळत. वाघासारखे जवान त्या दिवशी बीपीच्या पट्ट्याला घाबरायचे.

म्हणून आठ दिवस आधी तयारी सुरू व्हायची. जाडे गडी पीटीच्या कपड्याखाली प्लॅस्टिक गुंडाळून धावायचे. कच्च्या लसणानं अख्खी बरॅक घमघमायची. आणि लंगरात, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यात, बिनमिठाच्या डाळीचं एक वेगळं पातेलं चढायचं. कोणी हुकूम दिला नव्हता, पण कुकला तारीख बरोबर ठाऊक असायची. मला ही विद्या माझ्या उस्तादांनी शिकवली होती. मी ती पुढं शिकवली, आणि त्याचा मला अभिमानही होता.

नाईक आनंदा कांबळे माझ्याच प्लॅटूनमधला. तो कोडोलीचा, मी नेसरीचा, दोघंही कोल्हापूरकडचे. पंजाबात एवढं जवळचं नातं पुरतं. मेडिकलच्या नऊ दिवस आधी तो माझ्याकडं आला. नर्सिंग असिस्टंटकडून त्यानं गुपचूप बीपी बघून घेतला होता.

"दीडशे-शंभर हाय, हवालदारसाब."

"कधीपास्नं?"

"रजेवरबी एवढाच हुता. आता लो झालो तर हवालदारीचा कॅडर कोर्स गेला की माझा."

"जातोय कशानं? उद्यापास्नं मीठ बंद."

आठ दिवस आनंदा त्या पातेल्यातलं जेवला. मेडिकलच्या सकाळी मी त्याला एमआय रूमच्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याच्या मागं वीस मिनिटं डोळे मिटून बसवलं. आकडा आला एकशे छत्तीस-अठ्ठ्याऐंशी. शेप-वन. बाहेर येऊन त्यानं मला कडक सॅल्यूट ठोकला आणि दोघंही हसलो. वर चढायच्या आधीच्या तपासणीतही हीच युक्ती चालली.

पोस्टवर आम्ही नऊ जण होतो. एकोणिसाव्या दिवशी सकाळी सहा दहाला आनंदा स्टोव्हवर बर्फ वितळवत होता. त्याच्या हातातला डबा पडला. मी ओरडलो तर तो माझ्याकडं बघत राहिला. बोलायला गेला, पण शब्द येईना. उजवा हात लुळा पडला होता.

सहा पंधराला मी वायरलेस सेट उचलला. "एक कॅज्युअल्टी. नाईक कांबळे. बोलता येत नाही, उजवी बाजू हलत नाही. चॉपर पाहिजे. ओव्हर."

बेसवरून डॉक्टरसाहेब स्वतः बोलले. "बीपीची जुनी हिस्ट्री? ओव्हर."

मी आनंदाकडं बघितलं. तो शुद्धीत होता, ऐकत होता.

"नो हिस्ट्री, सर. शेप-वन आहे. ओव्हर."

"रॉजर. वेदर खुलल्यावर चॉपर. आउट."

वेदर खुललं अकरा वाजता. आनंदा नऊ चाळीसला गेला. खरं सांगितलं असतं तर फरक पडला असता का, मला माहीत नाही. पण मी खरं सांगितलं नाही, एवढं माहीत आहे.

कागदावर तो 'फिजिकल कॅज्युअल्टी' झाला, 'बॅटल' नव्हे. गोळी लागली नव्हती ना. पेटी घेऊन कोडोलीला मीच आलो. आनंदाच्या बायकोनं, वैनींनी विचारलं, "त्येंस्नी काय तरास हुता का?" मी म्हणालो, "न्हाय वैनी." दुसऱ्यांदा खोटं बोललो.

पेन्शनवर आल्यावर कोल्हापुरात माजी सैनिकांच्या दवाखान्यात माझी दरवर्षी तपासणी होते. दोन हजार सात-आठच्या सुमारास तिथं बाकड्यावर वैनी भेटल्या. त्याही तपासणीलाच आल्या होत्या. चेहरा उतरलेला होता.

"वैनी, जेवून आलासा न्हवं?"

"व्हय की. पर आठ दिस मीठ न्हाय खाल्लेलं. बीपी पास व्हाय पायजे न्हवं?"

"हे कुणी सांगितलं तुमास्नी?"

"त्येंनीच, पत्रातनं. आमच्या हवालदारानं शिकवलंय म्हणून लिवायचे. लई नाव काढायचे तुमचं."

मग मात्र मला राहवलं नाही. आनंदाचा दीडशे-शंभर, पातेलं, सेटवरचं माझं उत्तर, सगळं तिथंच बाकड्यावर सांगितलं. वैनी समोरच्या भिंतीकडं बघत ऐकत राहिल्या.

"त्या दिवशी दारात इचारलं, तवाच सांगायचं हुतं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. दार उघडंच होतं. आतून त्यांचा खणखणीत आवाज आला, "डाक्टर, आठ दिस मीठ खाल्लं न्हाय मी. आज आकडा बरा आला तरी खरा धरू नगासा."

बाहेर आल्या आणि सरळ एसटी स्टँडकडं चालू लागल्या. मी त्यांना थांबवलं नाही. तो हक्क मला नव्हता.

माझा नंबर आला. सिस्टरनं विचारलं, "काका, दमल्यासारखं दिसताय, पाच मिनिटं शांत बसता का?"

"नको. असाच बघा."

एकशे चौसष्ट-शंभर. "लिहा," मी म्हणालो. त्यांनी लिहिला, गोळी सुरू झाली. मी आज जिवंत आहे त्यात त्या गोळीचा वाटा आहे.

आनंदाचा खरा आकडा मात्र कुठल्याच कागदावर नाही. तो इथं लिहितो. नाईक आनंदा कांबळे, गाव कोडोली. बीपी दीडशे-शंभर. मला माहीत होता.