फिरकी कुणाच्या हातात

त्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, मी शेजारणीच्या भाचीवर जळत होते. माझं वय सेहेचाळीस, भाची बावीसची, आणि ज्याच्यावरून जळत होते तो एकतीसचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बडोद्याच्या नागरवाड्यात आमच्या घराखाली त्याने कॉम्प्युटर क्लास काढला होता. मी शाळेत शिक्षिका, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शाळेने निकाल कॉम्प्युटरवर करायचा हट्ट धरला म्हणून शिकायला खाली उतरले आणि तिथेच अडकले. दोन वर्षं आमचं चोरून चाललं होतं. दिवाळीत त्याने लग्नाचं विचारलं. लोक काय म्हणतील, या धास्तीने मी उत्तर टाळत राहिले.

इथे पतंग उडवणाऱ्याच्या मागे मांजाची फिरकी कोण धरतं, याकडे सगळ्या गच्च्यांचं लक्ष असतं. बायको धरते, बहीण धरते. आधीची दोन उत्तरायणं मी धरली होती. 'वरच्या मजल्यावरच्या बेन' म्हटल्यावर संशय कोण घेणार? त्या वर्षी मात्र गुजराती शेजारणीने फिरकी माझ्या हातातून काढून भाचीला दिली. "बेन, तमे बेसो ने, थाकी जशो," म्हणत मला बोरांची वाटी दिली. मग कानाशी लागली, "कमुर्तां गयां. काले एना घरे छोकरीनी वात नाखीए."

कमुर्तां म्हणजे लग्नाचं बोलायला वर्ज्य असलेला महिना. तो त्याच दिवशी संपत होता, आणि उद्या ती त्याच्या घरी भाचीची 'वात नाखायला', म्हणजे स्थळ घालायला, निघाली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाकीच्या सावलीत बोरं चावत मी त्या पोरीला न्याहाळू लागले. जीन्स, काळा गॉगल, मोकळे केस. मला केसांना दर महिन्याला मेंदी थापावी लागायची. पोरगी दिसायला छान होती, हेच सगळ्यात वाईट.

फिरकी मात्र तिने लाटण्यासारखी आवळली होती. मांजा सुटेना, पतंगाला ढील मिळेना. समोरच्या गच्चीवरून "काप्यो छे!" असा गलका झाला आणि खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. पण तो हसून तिला "वांधो नहीं" म्हणाला. माझ्या हातून पतंग गेला की खेकसायचा मेला!

दुसरा पतंग चढला, पेच लागला, आणि ही पोरगी शेजारच्या गच्चीवर कुणाला तरी हात करत होती. मी उठले. बोरांची वाटी तिच्या हातात कोंबली आणि फिरकी ओढून घेतली. अंगठे सैल सोडले तसा मांजा सरसर धावला.

त्याची पाठ आमच्याकडे होती, डोळे आभाळात. बोटांवरून मांजा मोकळा सुटला तसा मान न वळवता तो म्हणाला, "आवी गई?"

दार लावल्यावर माझ्याशी बोलायचा, त्याच सुरात. लाउडस्पीकरवरची कॅसेट नेमकी बदलायला थांबली होती, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. त्याचे कान लाल झाले. शेजारणीने आधी त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भाचीने फिरकीसाठी हात पुढे केला. हसून ती तिला परत दिली असती, तर सगळं झाकलं गेलं असतं.

"आले," मी मोठ्याने त्याला म्हणाले. मग शेजारणीकडे वळले. "बेन, काले एना घरे जाव, तो मारी वात नाखजो."