नव्व्याण्णव नंबरचा प्रोग्राम

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जैनथजवळच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात मी कॉम्प्युटर बसवला. हैदराबादहून आणलेल्या मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळाली होती. तेवढ्या बळावर मालकाला सांगून बसलो, पट्ट्यावर कापूस तुंबला की कॉम्प्युटरच मोटर थांबवेल.

थांबवायचा, पण कधीकधी उशिरा. प्रिंटर चालू असला की माझा प्रोग्राम पाळीची वाट बघत बसे. रिअल-टाइम म्हणजे भरभर नव्हे, वेळेवर, हे तेव्हा डोक्यात शिरलं. म्हणून मी त्याला पाळीचा सगळ्यांत वरचा नंबर दिला, नव्व्याण्णव; म्हणजे आधी तो, मग बाकीचे. आता बघू कोण आडवं येतं!

पट्टा चालवणारे मिस्त्री म्हणाले, "बापू, तुहा डबा आज जागा हाय ना?"

"काका, आज बघाच."

दोन मिनिटांत पडदा गोठला, कीबोर्ड मेला. पट्ट्यावरचा सेन्सर वाचायला माझाच दुसरा छोटा प्रोग्राम होता. नव्व्याण्णववाला "काही आलं का, काही आलं का" असं न थांबता विचारत होता, आणि सांगणाऱ्याला पाळीच मिळत नव्हती. कापसाचा डोंगर झाला, मोटर फिरतेच आहे. मिस्त्रींनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

मालक आले. "काय झालं बे?"

"कॉम्प्युटर चांगला चालू होता. काकांनी स्विच पाडला."

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री कापसाच्या गाड्या उतरवायला, पट्ट्यावर दुसराच माणूस. मी गुपचूप प्रोग्रामला प्रत्येक फेरीनंतर क्षणभर झोपायला लावलं. एका ओळीचं काम. मग दुसऱ्यालाही पाळी मिळाली आणि सगळं वेळेवर होऊ लागलं. मालकांनी पेढे वाटले, मीही खाल्ला.

हे इतकी वर्षं पोटातच ठेवलं. परवा मिस्त्रींच्या घरी गेलो. "काका, त्या दिवशी चूक माझी होती."

ते हसायलाच लागले. "मले काऊन सांगून राह्यला? मी तं तिथंच होतो. मालकाले सांग!"

त्यांना गाडीवर मागे बसवून जिनिंगवर गेलो. म्हाताऱ्या मालकांसमोर उभ्यानंच सगळं सांगितलं. ते मिस्त्रींकडे वळले. "तुमी तवा बोलले काऊन नाही?"

"दुसऱ्या दिवशी बोललो न, मालक. तुमी म्हणले, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

मालक ओशाळून हसले. स्वतःशेजारची खुर्ची पुढं ओढली. "बसा, मिस्त्री."

मला कोणी बस म्हणालं नाही. बरंच झालं.