कडककाकांची पाहुणी

कडककाकांनी इस्त्री केलेला सदरा जमिनीवर उभा ठेवला, तर मालक यायच्या आत तो आपल्या पायांनी घरी जाईल, असं गल्लीत म्हणत. त्यावरूनच हे नाव पडलं. माणूस मात्र लोण्याहून मऊ. गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेलं बसचं तिकीटसुद्धा घडी घालून परत द्यायचे.

नोकरीसाठी परगावी जाताना लेकीने त्यांच्या दुकानामागच्या खोलीत एक काचेची पेटी आणून ठेवली. आत ओलसर माती, शेवाळ, वाळका पाचोळा, चार काटक्या. काकांनी काचेला नाक लावलं.

"अगं, यात तर काहीच नाही!"

"बाबा, तुम्ही तिच्याकडेच बघताय."

तेवढ्यात एका वाळक्या पानाने डोळा फिरवून काकांकडे पाहिलं. दुसरा डोळा भलतीकडेच! काका दोन पावलं मागे सरले आणि मग जे हसत सुटले ते थांबेचनात.

ती बोटभर लांबीची सरडी होती. ही जात झाडाच्या शेंड्यावर मिरवणारी नव्हे. दिवसभर रानातल्या पाचोळ्यात पाचोळा होऊन बसायची आणि अंधार पडला की झोपायला बुटक्या काटकीवर चढायची. अंगावर पानाच्या शिरेसारखी रेघ, शेपूट आखूड, आणि हातात घेतली तर अंगभर बारीक थरथर, मुठीत भुंगा धरल्यासारखी.

"रंग बदलते का?" काकूंनी दारातूनच विचारलं.

"फारसा नाही गं आई. तपकिरी ती जरा फिकी, जरा गडद."

"मग कसली सरडी! तिच्यापेक्षा तुझी आत्या बरी."

काकांनी बहिणीवरचा टोमणा ऐकून न ऐकल्यासारखा केला.

पेटीला ऊन नको, तापता दिवा नको. इस्त्रीची धगही लागू नये म्हणून मधलं दार कायम लोटलेलं. ही बया वाटीतलं पाणी पीत नसे, पानावरचा थेंब तेवढा टिपायची. ते काम काकांच्या हातचंच होतं. जन्मभर कपड्यांवर पाणी मारलेलं मनगट. त्यांनी बाटली दाबली की पेटीत धुकं उतरायचं. खायला चिलटं. ती काका बरणीत पिकल्या केळ्यावर वाढवायचे. "जन्म गेला चिलटं हाकलण्यात, आता पाळा!" काकू म्हणायच्या, पण केळं आठवणीने ठेवायच्या.

पुढे सरडीचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलं. फोनवर लेक म्हणाली, "अंडी धरलीत तिने. मातीत पुरून घालेल. पण बाबा, आता पाण्याची हयगय नको हं, जिवावर बेतेल."

आणि नेमकी तेव्हाच आत्या घसरून पडली. भावाला जाणं भाग होतं. पेटी काकूंच्या गळ्यात पडली.

काका परतले ते चपलेसकट आतल्या खोलीत. सरडी काटकीवर, भर दुपारी डोळे मिटून. डोळे खोल गेलेले. काकांनी काकूंना हाक मारली.

"पाणी मारलंस ना?"

"दोन्ही वेळ! तुमच्या बहिणीची शपथ."

"माझ्या बहिणीची कशाला? स्वतःची घे की!"

काकांनी पेटीत हात घातला. पान बोटाला लागलं आणि कुरकुरलं. दुसरंही तसंच. वर पांढुरकी साय धरलेली. त्यांनी बाटली उचलून वास घेतला, एक थेंब बोटांत चोळून पाहिला.

"अगं, यात खळ आहे."

काकूंनी कपाळावर हात मारला. इस्त्रीच्या घरात बाटली भरायची म्हणजे चमचाभर खळ पडायचीच. सवयीने हात डब्याकडे गेला होता. पानापानाला कांजी चढली होती, आणि त्या चिकट थेंबांना सरडीने तोंड लावलं नव्हतं.

"बोला ना काहीतरी," काकू म्हणाल्या. "ओरडा तरी."

"ओरडून तिची तहान भागणार आहे? पदर खोच."

पाचोळा सगळा बाहेर काढून टाकला. काकांनी काटक्या आणि काच साध्या पाण्याने पुसली, ताजी पानं धुऊन घातली. मग धुकं सोडलं. सरडी हलली नाही. पुन्हा सोडलं. नाही. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं, काकांनी आतूनच "आज दुकान बंद!" म्हणून सांगितलं.

काकूंनी इस्त्रीखाली धरायचं मलमलीचं फडकं चांगलं धुऊन घेतलं, पाण्यात बुडवलं आणि सरडीच्या तोंडापुढच्या पानावर एकेक थेंब पिळू लागल्या. आजवर सरडीच्या एवढ्या जवळ हात न नेलेली बाई, पण हात इंचभर हलला नाही. "घे गं बाई. लेकुरवाळी व्हायचीयस ना? घे." पानावरून थेंब ओघळत होते. काका गुडघ्यांवर बसून बघत होते.

बऱ्याच वेळाने एक डोळा उघडला. मग तोंड किंचित हललं. पुन्हा हललं. थेंब गेला.

"प्यायली!" काका ओरडले.

"हळू!" काकू खेकसल्या. "दचकेल ना ती."

तिची तहान भागेपर्यंत काकूंचा खांदा भरून आला, पण फडकं त्यांनी काकांच्या हाती दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरडी कोपऱ्यात उतरून माती उकरू लागली. काका दुकान उघडायला निघाले, तर काकू दाराला पाठ लावून उभ्या.

"कुठे निघालात? ते शटर केवढं वाजतं!"

"अगं, लोकांचे कपडे अडलेत."

"एक दिवस चुरगळलेले घालतील. बाळंतिणीच्या उशाशी खडखडाट नको."

काका मागे फिरले. काकू पेटीपुढे बसल्या आणि काका त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकले.