चहाला पाणी कुठून आलं?

खानापुरे सरांना चहा द्यायचा म्हणजे घरातल्या बाईची तोंडी परीक्षाच असे. चहा बशीत ओतला की फुंकर मारायच्या आधी ते विचारत, "चहाला पाणी कुठून आलं?" नळाचं, असं उत्तर आलं की पुढचे प्रश्न: नळाला कधी आलं, किती वेळ होतं, भरलं कुणी. कुणाला वाटे, म्हातारा सोवळ्यातला दिसतोय. कुणाला वाटे, आपल्या हातच्या चहाला नावं ठेवतोय. आमच्या प्राचार्यांच्या पत्नी तर एकदा "विहिरीतून" एवढंच तुटक सांगून आत निघून गेल्या आणि पुढच्या खेपेला त्यांनी सरांपुढे सरबत ठेवलं. सरांनी सरबतालाही तोच प्रश्न विचारला.

हे खूळ त्यांना एका अमेरिकन कादंबरीने लावलं होतं. कादंबरीचं नाव मी सांगत नाही, कारण सर म्हणत, "नावं गाईडवाल्याला पाठ असत्यात. आपण आत जाऊन बगायचं." मन्मथ खानापुरे रेणापूरजवळच्या एका खेड्यातले. घराणं किराणा दुकानदारांचं. भाऊ गल्ल्यावर बसले आणि हे इंग्रजी शिकवायला लातूरच्या आमच्या कॉलेजात आले. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग आणि काखेत ती जाडजूड अमेरिकन कादंबरी, या थाटात ते बी.ए.च्या शेवटच्या वर्गात शिरत. मराठी दुकानातलं, इंग्रजी पुस्तकातलं आणि दोन्ही एकाच वाक्यात.

आम्ही त्या वर्गात होतो तेव्हा लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. गावाची ऐट काय वर्णावी. पानवाल्याने पाटीवर 'जिल्ह्याचे ठिकाण' असं रंगवून घेतलं. न्हाव्याने दर वाढवला, कारण आता तो जिल्ह्याची हजामत करत होता. पावसाने मात्र या बढतीची काही दखल घेतली नाही. तो त्या वर्षी आलाच नाही म्हटलं तरी चालेल. पण आम्हाला पावसापेक्षा कचेरीची ओढ होती. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवी कचेरी म्हणजे नव्या जागा, आणि डिग्री हातात असेल त्याला कारकुनी. वर्गातला प्रत्येक जण मनाने केव्हाच टेबलामागे जाऊन बसला होता. मध्ये फक्त परीक्षा आडवी पडली होती.

परीक्षेसाठी बाजारात गाईड होतं. त्यात कादंबरीची आशयसूत्रं, भाषाशैली आणि पार्श्वभूमी असे तीन कप्पे पाडून दिले होते. शेजारच्या कॉलेजातले प्राध्यापक गाईड वाचून दाखवत आणि पोरं ते लिहून घेत, म्हणजे छापलेलं पुन्हा हाताने लिहिण्याचा उद्योग. आमच्या सरांनी गाईडला हात लावला नाही आणि कादंबरीही पुढे सरकू दिली नाही. कादंबरीत अमेरिकेतल्या कोरड्या मुलखातलं एक शेतकरी कुटुंब होतं. त्यांची विहीर आटलेली. एक दिवस सरकारी अधिकारी पाहणीला येतो, खुर्चीवर बसतो, कॉफी पितो, हॅट घालतो आणि निघून जातो. पुन्हा तो पुस्तकात येत नाही. एवढ्याशा मजकुरावर सर अख्खा पावसाळा थांबले. पावसाळ्यालाही त्या साली दुसरं काम नव्हतं.

"लेखक म्हणतो, हीर आटली," सर म्हणाले. "मंग कॉफीला पाणी कुठून आलं?"

औशाकडचा गंगाधर मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, पुस्तकात न्हाई लिवलं."

"म्हणून तर इचारायलोय. लिवलं असतं तर गाईड पुरलं असतं."

मग गंगाधरच जरा लाजत म्हणाला, "आमच्याकडं तलाठी आला तवा मायनं वासराचं पाणी काढून चहा केलता. वासरू लई वरडलं."

सरांनी पुस्तक मिटलं. "हाव. आता तू अमेरिकेत पोचलास, लेका."

तिथून पुढे आमची अमेरिका औसा आणि रेणापूरच्या मध्ये कुठेतरी वसली. शेरीफचा फौजदार झाला, पाहणीला आलेल्या साहेबाचा तहसीलदार झाला आणि कॉफीचा चहा. भाषाशैली शिकवताना सर म्हणाले, "'कॉफी संपवली. हॅट घातली.' दोन वाक्यं हायत. मधे आभाराचा एक शब्द न्हाई. लेखकानं त्याला शिवी दिली न्हाई, फकस्त त्याच्या तोंडी शब्द दिला न्हाई. याला भाषा म्हणत्यात." पार्श्वभूमीसाठी गाईडने कितीतरी सनावळ्या दिल्या होत्या. सरांची पार्श्वभूमी एका ओळीची होती: "घरात घागरी किती हायत ते बगा, मंग बोला."

परीक्षेत नेमका प्रश्न आला, कादंबरीतलं दुष्काळाचं चित्रण. आम्ही इतक्या आनंदाने दुष्काळावर लिहिलं की पर्यवेक्षकाला संशय यावा. संशय आला तो पुढे, विद्यापीठात. तपासनिसाला दिसलं की एकाच कॉलेजच्या सगळ्या उत्तरपत्रिकांत अमेरिकेत तहसीलदार येतो आणि चहा पिऊन जातो. सामूहिक कॉपीचा ठपका बसला आणि आमच्या वर्गाचा निकाल रोखला गेला. इकडे कचेरीत जागा भरायला सुरुवात झाली होती. निकाल महिनाभर लांबला तरी आमच्या खुर्च्यांवर जुन्या जिल्ह्यातली पोरं बसणार होती. गंगाधरने तर जेवण सोडलं.

चौकशीला समिती आली. अध्यक्ष सुटाबुटातले होते आणि मराठीही इंग्रजी वाटेल अशा बेताने बोलत. समितीपुढे सर बसले आणि आम्ही खिडकीखाली.

"प्राध्यापक महाशय, अमेरिकेत तहसीलदार असतो का?"

"असतो. डोक्यावर हॅट असती, येवढाच फरक."

"आणि तो चहा पितो?"

"आपल्यात चहा पितो."

"सगळ्यांनी हेच लिहिलंय. ही कॉपी नाही तर काय?"

"सायब, एक करा. पाणी कुठून आलं, तेवढं प्रत्येकाच्या पेपरातलं वाचा."

एक सदस्य मोठ्याने वाचू लागले. गंगाधरच्या अमेरिकेत पाणी वासराचं होतं. दुसऱ्याच्या अमेरिकेत बाळंतिणीच्या अंघोळीचं. कुणाच्या बाईने शेजारणीकडे तांब्या मागितला होता आणि शेजारणीने तो देताना दोन शब्द ऐकवले होते. माझ्या पेपरात महादेवाच्या पिंडीवर टांगलेल्या गळतीतलं पाणी काढून आणलं होतं. वाचणाऱ्याचा आवाज हळूहळू खाली आला.

"कॉपी असती," सर म्हणाले, "तर सगळ्यांनी एकाच हिरीचं पाणी भरलं असतं."

अध्यक्षांनी पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाले, "ठीक. कॉपी नाही. पण हे पुस्तकातही नाही. मग चूक कोणाची? शिकवणाऱ्याची." समितीला काहीतरी घेऊन परत जाणं भाग असतं. कॉपी सापडली नाही, तर निदान प्राध्यापक सापडला पाहिजे. खानापुरे सरांनी 'मी कादंबरी चुकीची शिकवली' असं लेखी द्यावं, म्हणजे पोरांचा निकाल लागेल, असं ठरलं. अध्यक्षांनी मजकूरही इंग्रजीत तयार करून दिला.

सरांनी तो दोनदा वाचला. त्यातली एक इंग्रजीची चूक दुरुस्त केली आणि सही केली. बाहेर आल्यावर गंगाधर त्यांच्या पाया पडायला वाकला तर म्हणाले, "ऊठ. निकाल लागंल. कचेरीत जा." जी कादंबरी त्यांनी जिवापाड बरोबर शिकवली, तीच चुकीची शिकवली असं त्यांनी आमच्यासाठी लिहून दिलं.

आम्ही पास झालो, टेबलामागे बसलो. सरांकडून बी.ए.चा वर्ग काढून घेतला आणि त्यांना अकरावीला अर्जलेखन दिलं. तिथेही ते सुधारले नाहीत. आजारपणाच्या रजेचा अर्ज शिकवताना पहिला प्रश्न, "आजारी कोण हाय? आन् घरी त्याच्यापाशी कोण बसलंय?" पोरांचे अर्ज लांबत गेले. एकाच्या अर्जात आजी बरी होईपर्यंत पान संपलं, असं सर कौतुकाने सांगत.

पुढे मी नायब तहसीलदार झालो आणि पावसाने पुन्हा एकदा पाठ फिरवली. पाहणीसाठी ज्या गावांना जायचं होतं त्यात सरांचं गाव होतं. निवृत्त होऊन ते तिथेच राहत होते. जीप थांबली तसे ते ओट्यावरून म्हणाले, "या. आला का सायब कादंबरीत." खुर्ची आली. चहा आला. शेजारची शेवंताबाई कप ठेवून दाराशी उभी राहिली. मी कप उचलला आणि सरांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, परीक्षेच्या वेळी बघत तसे.

"सर," मी म्हणालो, "चहाला पाणी कुठून आलं?"

"हिनं दिलं. हिच्या घरात आता एक घागर ऱ्हायली." त्यांनी बशी तोंडाला लावली. "आदी पी. मंग टँकर पाठव. त्या अमेरिकेतला परत आला न्हाई. मला त्या पुस्तकातलं तेवढंच आवडत न्हाई."

टँकर पाठवणं म्हणजे काय असतं ते कचेरीत बसल्याशिवाय कळत नाही. मंजुरी होती तर टँकर नव्हता, टँकर आला तर डिझेल नव्हतं, आणि सगळं जुळलं तेव्हा टँकर आधी सरपंचाच्या हौदाकडे वळला. पण कलेक्टर कचेरीत गंगाधर होता. त्याने सरांच्या गावाचं नाव ऐकलं आणि तो कागद टेबलावर झोपू दिला नाही. टँकर गेला, आणि जात राहिला.

त्याच उन्हाळ्यात सर गेले. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे शेतातच समाधी दिली. आमच्या वर्गातली जवळजवळ सगळी पोरं आली होती, म्हणजे नव्या जिल्ह्याची निम्मी कचेरीच नंतर सरांच्या अंगणात उभी होती. सगळे पोट सुटलेले, केस पिकलेले. शेवंताबाईने सगळ्यांना चहा आणून दिला. कप हातात घेऊन आम्ही तसेच उभे राहिलो, कुणी तोंडाला लावेना. शेवटी गंगाधरने घसा साफ केला.

"बाई, चहाला पाणी कुठून आलं?"

शेवंताबाईने पदराने डोळे पुसले. "तुमच्याच टँकरचं हाय, प्या. सर सांगून गेल्यात, ही पोरं आली की इचारतील म्हणून."

चहा गार झाला होता. आम्ही तो सगळा प्यायलो, आणि कप ठेवताना प्रत्येक जण बाईंचे आभार मानून बाहेर पडला.