शोकाची शेवटची तारीख

युद्धाच्या काळात धर्मगुरूचा शब्द तोफेच्या गोळ्यापेक्षा लांब जातो. हे मी वाचलेलं होतं आणि ते खरंही आहे. फक्त नांदेडच्या आमच्या गल्लीत पोचायला त्याला अकरा दिवस लागले.

माझे शेजारी शिलाई मशिनी दुरुस्त करतात. गल्लीत शिया घर त्यांचं एकटंच. मुलीचा निकाह लातूरच्या मुलाशी ठरला होता. मुलगा कुवेतहून रजेवर आलेला, रजेचे पंधरा दिवस उरलेले. तेवढ्यात तिकडे आखातात लढाई पेटली, शियांचे मोठे धर्मगुरू मारले गेल्याची बातमी आली आणि दुखवटा पाळा, असा निरोप फोनाफोनी फिरला. मोहरमच्या तारखा ठाऊक असतात, त्या टाळून लग्न धरता येतं. या शोकाची शेवटची तारीख कुणीच सांगितली नव्हती.

शेजाऱ्यांनी शहरातल्या मौलानांना विचारलं. त्यांनी हैदराबादच्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, अशा नाजूक वेळी मी कोण सांगणार, परदेशातल्या थोरल्या आलिमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, कार्यालयालाच विचारा. तिथला अर्ज इंटरनेटवर भरायचा होता, इंग्रजीत. म्हणून तो माझ्याकडे आला. कॉलेजात मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. त्याचा कुणाला झालेला बहुधा हा पहिलाच उपयोग.

अर्जात विषय निवडायचा होता. नमाज, रोजा, व्यापार, विवाह, प्रवास. युद्ध नव्हतं.

"विवाह टाकू?"

"टाका सर. पण जंगचं बी लिवा. न्हाई तर म्हणतील, हा येडा कायला विचारून राहिला."

मग रोज संध्याकाळी ते येत. मी मेल उघडून दाखवी. त्यात गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती असत. टीव्हीवर तज्ज्ञ ओरडत असत. आम्ही आवाज बंद करून नुसती तोंडं बघायचो. लातूरहून व्याह्यांचा फोन आला की शेजारी तो वाजू देत.

आठव्या दिवशी मुलगीच चहा घेऊन आली.

"अब्बा, जंग उनकी, मातम सबका, और अटकी सिर्फ मैं?"

"चूप. बड्यांच्या घरात मय्यत हाय."

"मग बड्यांना कळवा, जित्ती पोरगी बी हाय एक घरात."

त्यांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. चार ओळी सलाम-दुवा आणि एक ओळ उत्तर: अशा बाबतीत आपल्या भागातील आलिमांचा सल्ला घ्यावा.

ते उत्तर छापून आम्ही शहरातल्या मौलानांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. बिचारे अकरा दिवस निर्धास्त होते.

"म्हणजे मीच सांगायचं?"

"जी हुजूर."

"करा मग. बाजा नको, रोशनी नको."

दोन दिवसांनी निकाह झाला. शेजारी रडले, मुलीसाठी की तिकडच्यांसाठी, ते मी विचारलं नाही.

नंतर दोनच दिवसांनी जावयाचं विमान होतं. लढाईमुळे ते रद्द झालं, पाठोपाठ नोकरीही. तो अजून लातूरलाच आहे. भावाच्या दुकानात मोबाईलला काचा बसवतो.