शांताकाकूंचं उत्तर शांताकाकूंनीच दिलं

मित्रांनो, आज दवनीवाड्यात जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

घरात मोबाइल आणि इंटरनेट कोण वापरतं, याची पाहणी करत मी सध्या गावोगाव फिरतेय. एका घरी काकांनी स्वतःबद्दल 'हो' सांगितलं. बायकोबद्दल विचारलं तर म्हणाले, "तिले काय समजते? नाही लिवा."

पण आमचा नियम आहे, ज्याचं उत्तर त्यानंच द्यायचं. मी त्यांच्या बायकोला, शांताकाकूंना, बाहेर बोलावलं.

पदराला हात पुसत त्या आल्या आणि काकांनाच म्हणाल्या, "धानावर करपा आला तवा औषधाचं नाव कोणं सांगतलं?"

"पोरानं."

"पोरगा त नागपूरले होता. मीच पानाचा फोटो काढून कृषी सहायकाले व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पोराचं नाव यासाठी सांगतलं, का माहं तुमी आयकलं नसतं."

काका जोरात हसले. "लिवा मॅडम, हो लिवा! धान हिनंच वाचवला."

काकूंच्या नावापुढे 'हो'ची खूण करताना मीच जिंकल्यासारखं वाटलं!

तुमच्या घरी कोणी असं विचारायला आलं, तर आईचं उत्तर कोण देतं?