बस क्लाउसची, लिंबू आमचं

सहल होते एकदाच, पण तिचे किस्से पोराटोरांसारखे वाढत जातात. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या मराठी मंडळींनी बस ठरवून पलीकडं फ्रान्समध्ये, स्ट्रासबुर्गला एका दिवसाची सहल काढली. आमचा प्रमोद इथं इंजिनियर. आम्ही म्हातारा-म्हातारी त्याच्याकडं व्हिसावर आलेलो. सहल झाल्यापासून कुणाकडंही चहाला जा, तिचंच पुराण चालू. आणि प्रत्येकाचा किस्सा फिरून त्या ड्रायव्हरवर येतो. "काका, ड्रायव्हर असावा तर असा!"

हे मला सांगतात. मला! ज्यानं उभी हयात कोल्हापूर-मुंबई लक्झरी चालवली! म्हणून आता मीच सांगतो.

*

सकाळी बस आली. दारात ड्रायव्हर, नाव क्लाउस. साठीचा गडी, शर्टाला इस्त्री, गळ्यात टाय. आमच्या म्हातारीच्या, सुमनच्या हातात हात देऊन म्हणाला, "गुटन मॉर्गन!" तिची पिशवीसुद्धा स्वतः वर ठेवली.

"अहो, बघा तरी, ड्रायव्हर टाय लावून!"

"लग्नाला चालला असंल," मी म्हणालो.

मला जन्मात कुणी गुड मॉर्निंग घातलं नाही. मागनं नुसती बोंब, "ओ ड्रायव्हर, एसी वाढवा!"

*

सुमनला बस लागते. माझ्या गाडीत तर घाट यायच्या आधीच पिशवी तोंडाला. लिंबू हुंगत हुंगत संसार केला बाईनं. त्या दिवशीही लिंबू घेतलंच होतं. बऱ्याच वेळानं मला विचारते, "अहो, अजून सुरू नाही का झाली?"

बाहेर झाडं सपासप मागं पळत होती!

"रस्ता गुळगुळीत आहे," मी म्हणालो. "त्याला म्हणावं, आमच्या घाटात ये."

"रस्त्याला कशाला नावं ठेवता?" म्हणाली, लिंबू पर्समध्ये टाकलं आणि घोरायला लागली. माझ्या गाडीत कधी डोळ्याला डोळा लागला नव्हता तिचा!

*

बॉर्डर येणार म्हणून मी पासपोर्ट छातीशी धरून ताठ बसलो. बंदूकवाले येतील, खाली उतरवतील. एक नदी गेली, पूल गेला. शेवटी प्रमोदला विचारलं, "फ्रान्स कधी येणार रे?"

"बाबा, मगाशीच आलं."

"मग ब्रेक तरी दाबायचा की त्यानं!"

"नाही दाबला म्हणून तर आई झोपलीय," प्रमोद म्हणाला.

पोटचा पोरगा, तोसुद्धा त्याच्याच पार्टीत!

*

स्ट्रासबुर्गला आभाळाला टेकलेलं जुनं चर्च, आत बाहुल्या फिरणारं भलंमोठं घड्याळ. असंल! माझं डोकं क्लाउसच्या टायमध्येच अडकलेलं.

दुपारी नदीकाठी जेवायला बसलो, तर सुमननं क्लाउसला हाक मारून बोलावलं. धपाटं आणि ठेचा दिला. गड्याचे कान लाल, डोळ्यांत पाणी, आणि ओरडतोय काय, "लेकर! लेकर!"

सुमन विरघळलीच. "बघा हो, एवढा बाप्या, पण स्वतःला लेकरू म्हणतोय!" आणि माझ्या वाटणीचं धपाटं उचलून त्याच्या पानात!

प्रमोद हसत म्हणाला, "आई, जर्मनमध्ये लेकर म्हणजे चवदार."

मला वाटलं, चला, आता माझं धपाटं परत येईल.

"चवदार म्हणतो?" सुमन माझ्याकडं वळली. "ऐकलंत का हो?" आणि त्याला अजून एक वाढलं!

*

संध्याकाळी परत पोचलो. सगळ्यांनी क्लाउससाठी टाळ्या वाजवल्या. मी हात खिशात घातले. तेवढ्यात प्रमोद त्याच्या कानात जर्मनमध्ये काहीतरी बोलला. तो "कोलेगे! कोलेगे!" करत आला. म्हणजे आपल्याच धंद्यातला गडी, प्रमोदनं सांगितलं. क्लाउसनं माझा दंड धरला आणि मला थेट स्वतःच्या सीटवर बसवलं.

मंडळी उतरत होती. इंजिन बंद, चावी क्लाउसच्या हातात. स्टेअरिंग मात्र फर्स्ट क्लास! इथं ते डाव्या बाजूला; सवयीनं माझा डावा हात गिअरला गेला आणि काचेवर आपटला. म्हटलं, असू दे. कंबर सरळ केली, आरसा बघितला, ऐटीत मान वळवली.

दारात सुमन उभी होती. माझ्याकडं बघत तिनं पर्स उघडली, लिंबू काढलं आणि नाकाला लावलं.